लस कधी मिळणार, दुकाने कधी उघडणार? कोल्हापुरातील एका मदत-टेबलावर वारंवार विचारले गेलेले प्रश्न

कोरोनाच्या साथीत, २०२१ च्या एप्रिलपासून वर्षअखेरपर्यंत, आमच्या पेठेतील तरुण मंडळाच्या खोलीत आम्ही चार-पाच जणांनी मदतीचे एक टेबल चालवले. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांची लसीकरणाच्या कोविन या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून देणे, प्रमाणपत्राची प्रत काढून देणे आणि आलेला शासन आदेश वाचून त्यात काय म्हटले आहे ते सांगणे, एवढेच आमचे काम होते. टेबलावर दोनशे पानी वही असे आणि विचारलेला प्रश्न तीत टिपून ठेवण्याची आम्हाला सवय लागली होती. पुढील प्रश्न त्या वहीतलेच आहेत. तेव्हा आम्ही दिलेली बरीच उत्तरे घाईची होती आणि काही चक्क चुकीची होती, म्हणून आता तारखा व आदेश समोर ठेवून ती पुन्हा लिहिली आहेत.

प्रश्न: सरकारने अठरा वर्षांपुढील सर्वांना लस खुली केली, मग केंद्रावर लस का नव्हती?

आडातच नव्हती, ती पोहऱ्यात कुठून येणार? १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून लसीकरण सुरू झाले. १ मार्चला साठीपुढील नागरिक व सहव्याधी असलेले ४५ वर्षांपुढील लोक, १ एप्रिलला ४५ वर्षांपुढील सर्व जण आणि १ मे रोजी १८ वर्षांपुढील सर्व जण पात्र ठरले. पात्र लोकांची संख्या अशी महिन्यागणिक फुगत गेली, पण लसीचे उत्पादन त्या गतीने वाढणे शक्यच नव्हते. देशातील प्रौढांची संख्या सुमारे ९४ कोटी धरली, तर दोन डोसांच्या हिशेबाने सुमारे १८८ कोटी डोस लागणार होते. त्या उन्हाळ्यात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशिल्डचे महिन्याला सहा-सात कोटी डोस बाहेर पडत होते आणि हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन त्यामानाने फारच थोडी निघत होती. दोन्ही मिळून महिन्याला आठ कोटी डोस मिळाले असे मानले, तरी सगळ्यांचे दोन्ही डोस पुरे व्हायला जवळपास दोन वर्षे लागली असती.

त्यातच १ मेपासून खरेदीचे धोरण बदलले. निम्मी लस केंद्र सरकार घेणार आणि उरलेली राज्ये व खासगी रुग्णालये यांनी थेट कंपन्यांकडून विकत घ्यायची, असे ठरले. केंद्राला १५० रुपयांना पडणारी कोविशिल्ड राज्यांना ३०० रुपयांना आणि कोव्हॅक्सिन ४०० रुपयांना मिळणार होती, आणि हे दरसुद्धा ओरड झाल्यानंतर उतरवलेले होते. मुळात पैसे मोजायची तयारी असूनही राज्यांना लस मिळत नव्हती. १२ मेपासून महाराष्ट्राने १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण थांबवले आणि त्यांच्यासाठी घेतलेले डोस ४५ वर्षांपुढील लोकांच्या दुसऱ्या डोसाकडे वळवले. या गटाला लस विकत घ्यायला लावणारे धोरण सकृतदर्शनी मनमानी आणि तर्कविसंगत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे रोजीच्या आदेशात म्हटले. ७ जूनला पंतप्रधानांनी धोरण बदलल्याचे जाहीर केले आणि २१ जूनपासून सर्व प्रौढांना शासकीय केंद्रांवर मोफत लस मिळू लागली.

प्रश्न: पोर्टलवर स्लॉट दिसतो आणि ओटीपी येईपर्यंत जातो, हे कसे?

पिनकोड टाकल्यावर हिरव्या चौकटीत दिसणारा आकडा पाहणाऱ्या प्रत्येकाला तो आपल्यासाठीच आहे असे वाटे. प्रत्यक्षात शंभर डोसांच्या त्या चौकटीवर हजारो बोटे एकाच वेळी पडत असत आणि ज्याचे नेट वेगवान, ज्याचा लॅपटॉप उघडाच आणि ज्याने आधी सराव केलेला, त्याला जागा मिळून जाई. स्लॉट उघडताच इशारा देणारे टेलिग्रामवरचे गट संगणक क्षेत्रातील तरुणांनी तयार केले होते. लक्ष्मीपुरीत हमाली करणाऱ्या माणसाला ते गट माहीत असण्याचे कारण नव्हते. पोर्टल मराठीसह प्रादेशिक भाषांत आले तेही जूनमध्ये, म्हणजे सर्वांत वाईट दिवस सरल्यावर.

एका मोबाइल क्रमांकावर तेव्हा चौघांचीच नोंदणी होत असे. आमच्या चार फोनवर आम्ही सोळा माणसे घालू शकलो आणि सतराव्या मावशींना नाही म्हणावे लागले. त्या रागावल्या नाहीत. “तुमचं तरी काय चुकलं, बाळ,” म्हणाल्या आणि छत्री उघडून निघून गेल्या. नंतर त्यांच्या भाच्याच्या फोनवरून नोंदणी झाली, पण तोवर तीन आठवडे गेले होते. केंद्रावर जाऊन नोंदणी करण्याची मुभा १८ ते ४४ वयोगटाला २४ मेपासून मिळाली. लस पुरेशी येऊ लागल्यावरच तिचा खरा उपयोग झाला.

प्रश्न: शहरातील मुलांनी खेड्यातील केंद्रावर जाऊन लस घेणे योग्य होते का?

नियमाने त्यांना मनाई नव्हती. पोर्टल पत्ता विचारत नसे, त्यामुळे राजारामपुरीतील मुलगा घाटाजवळच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा स्लॉट पकडून मोटारसायकलने तिथे पोहोचत असे. तिथे झाडाखाली उभ्या असलेल्या गावकऱ्यांना मात्र आपल्या दारात आलेली लस परका येऊन घेऊन गेला असेच दिसे, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही तसेच वाटले असते. आम्ही स्वतः तीन मुलांना असे स्लॉट काढून दिले. त्या वेळी ती हुशारी वाटली होती, आज ते आठवून थोडे अवघडल्यासारखे होते.

प्रश्न: पहाटे पाचपासून रांगेत उभे राहूनही टोकन का मिळत नसे?

वहीत सर्वाधिक वेळा लिहिला गेलेला प्रश्न हाच आहे. सकाळी नऊला सुरू होणाऱ्या केंद्रापुढे लोक पहाटे चारपासून येत. पाऊस असला तर माणसाऐवजी वस्तू रांगेत उभी राही. कोणाची वीट, कोणाची दुधाची किटली, कोणाची दगड घातलेली पिशवी आणि कोणाची एका पायाची चप्पल, असा तो माल भिंतीच्या कडेने ओळीत लागलेला असे आणि मालक समोरच्या दुकानाच्या पत्र्याखाली चहा पीत त्याच्यावर नजर ठेवून असत. साडेआठला आतून एक कर्मचारी येऊन सांगे की आज सत्तरच डोस आले आहेत. कधी तोच आकडा एकशे वीस असे, कधी लस आलीच नाही असा कागद दाराला चिकटवलेला असे. सत्तरावर टोकन संपले की एकाहत्तरावा माणूस आणि दोनशेवा माणूस यांची अवस्था सारखीच होई.

केंद्राला स्वतःलाच आकडा उशिरा कळत असे, हेही खरे आहे. लस पुण्याहून विभागीय भांडारात, तिथून जिल्ह्याच्या भांडारात आणि पुढे केंद्रांवर जाई. वरून किती येणार हे आदल्या संध्याकाळपर्यंत नक्की नसे. पण रात्री नऊला वाटप ठरल्यानंतर ते लोकांना सकाळी साडेआठपर्यंत न सांगण्याचे कारण मला आजतागायत पटलेले नाही. आमच्या भागातील केंद्राच्या परिचारिकेने जूनमध्ये स्वतःहून एक गोष्ट सुरू केली. रात्री वाटप कळले की त्या आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फक्त दोन शब्द टाकत: “उद्या ८०.” तो आकडा आम्ही कोपऱ्यावरच्या फळ्यावर खडूने लिहीत असू. त्या आठवड्यापासून पहाटेची रांग निम्म्याने ओसरली, कारण दीडशेव्या क्रमांकाच्या आसपास पोहोचणार हे कळणारा माणूस घरी झोपून राहू लागला. लस एका डोसानेही वाढलेली नव्हती. तरी भांडणे थांबली, आणि “लस नाही” हे वाक्य लोक शांतपणे ऐकून घेतात, फक्त ते वेळेवर सांगावे लागते, हे आम्हाला त्या फळ्याने दाखवले.

प्रश्न: ओळख असलेल्यांना मागच्या दाराने लस मिळत होती, हे खरे का?

महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्येच संपली होती आणि कारभार प्रशासकांकडे होता, तरी माजी नगरसेवकांच्या चिठ्ठ्या घेऊन येणारी माणसे आम्ही पाहिली. प्रत्येक चिठ्ठी चालत होती असे म्हणता येणार नाही आणि एकही चालत नव्हती असेही नाही. ज्या दिवशी डोसांची संख्या फळ्यावर असे, त्या दिवशी टोकन मोजायला दहा माणसे उभी असत आणि मधूनच घुसवणे अवघड जाई. याहून अधिक ठामपणे बोलण्याइतका पुरावा आमच्या वहीत नाही.

प्रश्न: कुपी असतानाही “दहा माणसे जमू द्या” म्हणून थांबवून का ठेवत?

कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस असत आणि कुपी उघडल्यावर ती चार तासांत संपवावी लागे. सहा माणसांसाठी उघडलेली कुपी उरलेल्या चार डोसांसह टाकून द्यावी लागली, तर वाया गेलेल्या लसीचा जाब केंद्राला द्यावा लागे. म्हणून दुपारी चार वाजता आठ जण बाकावर बसलेले आणि परिचारिका दारात उभी राहून रस्त्यावरच्या लोकांना हाका मारते आहे, असे उलटे दृश्यही आम्ही पाहिले आहे. तुमच्यापाशी वेळ असेल आणि घर जवळ असेल तर बंद होण्याच्या तासभर आधी चक्कर मारा, हा आमचा सल्ला बऱ्याच जणांना फळला.

प्रश्न: दुसऱ्या डोसाची तारीख पुन्हा पुन्हा का बदलली?

कोविशिल्डच्या दोन डोसांमधील अंतर प्रथम चार ते सहा आठवडे होते. २२ मार्चला ते सहा ते आठ आठवडे आणि १३ मे रोजी बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. त्यानंतर ८४ दिवस पुरे झाल्याशिवाय पोर्टल नोंदच घेत नसे. कोव्हॅक्सिनचे अंतर मात्र चार ते सहा आठवडेच राहिले. त्यामुळे एकाच घरातील आजोबांना महिन्याने आणि आजींना तीन महिन्यांनी बोलावणे येई. आपल्याला कोणती लस दिली आहे हेच ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण चुकीच्या दिवशी रांगेत उभे राहिले.

अंतर वाढवल्याने प्रतिकारशक्ती अधिक चांगली तयार होते, याला ब्रिटनमधील अनुभवाचा आधार होता आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठ ते बारा आठवड्यांची होती. तरीही लस नाही म्हणूनच अंतर वाढवले, असा संशय लोकांनी घेतला. निर्णय आणि तुटवडा एकाच महिन्यात आल्यामुळे त्या संशयाला वेडेपणा म्हणता येणार नाही. त्या आठवड्यात केंद्रावरून परत पाठवलेल्या एका निवृत्त गुरुजींनी आपला कागद आमच्यापुढे ठेवला. त्यावर पेनाने लिहिलेली तारीख त्यांनी स्वतःच खोडून पुढे नवी तारीख आणि प्रश्नचिन्ह लिहिले होते.

परदेशी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जाणाऱ्यांना जूनपासून २८ दिवसांनंतर दुसरा डोस घेण्याची सवलत मिळाली. त्यासाठी पासपोर्टचा क्रमांक प्रमाणपत्रावर नोंदवावा लागे.

प्रश्न: पैसे देऊन खासगी रुग्णालयात लस घेणे शहाणपणाचे होते का?

ज्याला परवडत होते त्याने घेतली, त्यात गैर काही नव्हते. मार्च-एप्रिलमध्ये खासगी दर २५० रुपये होता. जूनमध्ये केंद्राने कमाल दर ठरवले तेव्हा कोविशिल्ड ७८० रुपयांना आणि कोव्हॅक्सिन १,४१० रुपयांना झाली. चौघांच्या घराला कोविशिल्डचे दोन्ही डोस ६,२४० रुपयांना पडत, आणि दुकान दोन महिने बंद असलेल्या माणसाला तो आकडा ऐकवणेही जिवावर येई.

प्रश्न: लसीकरणात जिल्हा पुढे होता, तरी कोल्हापूर इतके दिवस बंद का राहिले?

महाद्वार रोड, गुजरी, पापाची तिकटी, राजारामपुरी, सगळीकडच्या दुकानदारांनी हा प्रश्न विचारला आणि तो रास्त होता. ४५ वर्षांपुढील लोकांच्या लसीकरणात कोल्हापूर राज्यातील आघाडीच्या जिल्ह्यांत असल्याच्या बातम्या रोज छापून येत होत्या आणि त्याच पानावर दुकाने बंदच राहणार असल्याची बातमी असे.

याचे कारण मोजमापात आहे. ७ जूनपासून राज्याने निर्बंधांचे पाच स्तर केले, पहिला सर्वांत सैल आणि पाचवा सर्वांत कडक, आणि जिल्हा कोणत्या स्तरात जाईल हे दोन गोष्टींवर ठरू लागले: शंभर चाचण्यांत किती बाधित निघतात आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरलेल्या आहेत. लसीकरणाला त्या सूत्रात जागाच नव्हती. बाधितांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर असल्यामुळे कोल्हापूर चौथ्या स्तरात गेले. तिथे जीवनावश्यक वस्तूंची दुकाने दुपारी चारपर्यंत, बाकीची बंद आणि हॉटेलातून फक्त पार्सल, असा नियम होता. मुंबई-पुण्यातील लाट ओसरत असताना आमच्याकडची वर चढत होती, कारण पश्चिम महाराष्ट्रात ती उशिरा आली. दिलेल्या डोसांपैकी बहुतेक पहिले डोस होते, तेही वडीलधाऱ्यांना. कामासाठी बाहेर फिरणारा तरुण वर्ग उघडाच होता आणि विषाणूच्या डेल्टा प्रकारापुढे एका डोसाचे संरक्षण अपुरे पडत होते.

बाधितांच्या प्रमाणाची गंमत अशी की ते चाचण्या कोणाच्या होतात यावरही हलते. लक्षणे असलेल्यांचीच तपासणी केली तर आकडा चढतो आणि संपर्कातील निरोगी माणसेही मोठ्या संख्येने तपासली तर उतरतो. नाक्यावर थांबवून चाचणी करतात म्हणून चिडणाऱ्या व्यापाऱ्याला त्याच चाचण्यांमुळे दुकान उघडण्याचा दिवस जवळ येऊ शकतो, हे समजावताना आमची दमछाक होई. २५ जूनला राज्याने आणखी दोन बदल केले. विषाणूच्या डेल्टा प्लस या प्रकाराच्या धास्तीने कोणताही जिल्हा तिसऱ्या स्तराच्या खाली आणायचा नाही असे ठरले आणि प्रमाण फक्त प्रयोगशाळेत होणाऱ्या आरटीपीसीआर चाचण्यांवरून काढायचे ठरले. पुढे २ ऑगस्टच्या आदेशाने राज्यातील बहुतेक भागाला सवलती मिळाल्या, तेव्हाही तिसऱ्या स्तरात अडकलेल्या अकरा जिल्ह्यांत कोल्हापूर होतेच.

माझे मत विचाराल तर सावधगिरी बाळगणे चूक नव्हते, पण एका टक्केवारीवर सबंध जिल्हा बांधणे अन्यायाचे होते. बारा तालुक्यांचा आणि २०११ च्या जनगणनेनुसार ३८ लाखांहून अधिक वस्तीचा हा जिल्हा आहे. एका टोकाच्या तालुक्यातील आकड्याने शहरातील चपलांचे दुकान बंद ठेवावे, यात दुकानदाराला न्याय दिसणे कठीण होते. आमच्या गल्लीतील मिसळवाल्या दादांनी ते दोन महिने पार्सलवर काढले. गरम कट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, फरसाण वेगळ्या कागदात आणि पाव वर्तमानपत्रात बांधून ते काउंटरवर ओळीने मांडून ठेवत. घरी पोहोचेपर्यंत कटाची तर्री पिशवीला चिकटलेली असे. “कोल्हापुरात मिसळ थंड खायची पाळी आली, आणखी काय बघायचं,” असे ते म्हणत, आणि संध्याकाळी स्वतःच्या दुसऱ्या डोसाची तारीख विचारायला आमच्याकडे येत.

प्रश्न: जुलैच्या महापुरात लसीकरणाचे काय झाले?

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आले आणि शहर तोडल्यासारखे झाले. ज्या रस्त्याने लस येते तोच बंद. शिवाय लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते, त्यामुळे वीज गेलेल्या केंद्रांना आधी साठा सांभाळावा लागला. स्थलांतरितांच्या शिबिरात एका खोलीत चार कुटुंबे झोपत असताना अंतर राखा असे कोणाला सांगणार? पूर ओसरल्यावर कित्येकांची आधार कार्डे चिखलात गेलेली होती. त्यांना आम्ही मतदार ओळखपत्र, पॅन कार्ड, वाहन परवाना किंवा निवृत्तिवेतनाचे पुस्तक, यांपैकी जे वाचले असेल ते आणायला सांगत होतो, कारण आधारखेरीज तीही ओळखपत्रे नोंदणीला चालत.

प्रश्न: दोन डोस असल्याशिवाय प्रवेश नाही, हा नियम तरुणांवर अन्याय नव्हता का?

होता, आणि तो पंचांग उघडून मोजता येण्यासारखा होता. १५ ऑगस्टपासून दुकाने रात्री दहापर्यंत उघडी ठेवण्यास परवानगी मिळाली. मात्र मॉलमध्ये जाणाऱ्याचे आणि दुकानात वा हॉटेलात काम करणाऱ्याचे दोन्ही डोस झालेले असावेत व दुसऱ्या डोसानंतर चौदा दिवस उलटलेले असावेत, अशी अट होती. आता एखाद्या पंचवीस वर्षांच्या मुलाने लस खुली होताच २२ जूनला कोविशिल्डचा पहिला डोस घेतला असे धरा. ८४ दिवस १४ सप्टेंबरला भरतात आणि पुढचे चौदा दिवस २८ सप्टेंबरला. म्हणजे एकही दिवस न दवडणारा मुलगासुद्धा ऑगस्टमध्ये नियमात बसूच शकत नव्हता. बरे, १८ वर्षांखालील मुलांना वयाचा दाखला पाहून मॉलमध्ये सोडण्याची दुरुस्ती लगेच झाली. सतरा वर्षांचा धाकटा आत आणि वीस वर्षांचा थोरला दाराबाहेर, असा प्रकार त्यातून निघाला. कापड दुकानात नोकरी करणाऱ्या एका मुलीने आम्हाला विचारले होते की मालक दुसऱ्या डोसाशिवाय कामावर घेत नाहीत आणि पोर्टल दुसरा डोस देत नाही, तर मी दोघांपैकी कोणाशी भांडू? त्या पानावर उत्तराची जागा अजून कोरी आहे.

प्रश्न: मंदिर, शाळा आणि चित्रपटगृहे केव्हा उघडली?

शहरात आठवी ते बारावीचे आणि ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून भरले. ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, राज्यातील मंदिरांबरोबर अंबाबाईचेही दार भाविकांसाठी उघडले. चित्रपटगृहे निम्म्या आसनांवर २२ ऑक्टोबरला सुरू झाली. २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला राज्यातील निर्बंध पूर्णपणे उठले आणि मास्क ऐच्छिक झाला.

प्रश्न: प्रमाणपत्रावर नाव किंवा वय चुकले आहे. आता दुरुस्त करून काय उपयोग?

तेव्हा उपयोग होता आणि म्हणून जून २०२१ पासून पोर्टलवरच नाव, जन्मवर्ष व लिंग दुरुस्त करण्याची सोय झाली. केंद्रावर घाईत नोंद करताना आडनाव आधी आणि नाव नंतर, किंवा इंग्रजी स्पेलिंग भलतेच, असे वरचेवर होई. आमच्याकडे आलेल्या एका आजींच्या प्रमाणपत्रावर त्यांचे जन्मवर्ष २००१ पडले होते. ते दुरुस्त करून दिल्यावर त्यांनी जुनी प्रतही परत मागून घेतली आणि नातीला दाखवायला म्हणून देवाच्या फोटोमागे ठेवली.